चासीला भोक पाडू का?

प्रिय टकल्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आईचा गुडघा होता तसाच, बाबांची शुगर गोळीवर, माझं पोट पुढे. झालं. तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही कारण व्हॉट्सॲपवर तू मधेच अंगठा पाठवतोस आणि मला वाटतं विषय संपला, आणि फोनवर तर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस. विषय आपल्या घोरपडीचा, त्या रिमोटवर दगड चढणाऱ्या गाडीचा, आणि तो तुझ्या-माझ्याशिवाय जगात कोणाला कळणार नाही. बायकोला सांगून बघितला, ती म्हणाली "बरं" आणि कुकर लावायला गेली.

तर घर बदललं. कोथरूड सुटलं, आता वारज्यात. माळ्यावरचं सगळं खाली काढलं त्यात तुझा तो निळा बिस्किटांचा डबा निघाला, २०१९ ला जाताना "उघडायचा नाही" म्हणून माझ्या गळ्यात मारलेला. मी उघडला नाही. चिनूने उघडला, मी नुसता शेजारी उभा होतो. आणि आत काय, तर लबाडा, पुढची चाकं वळवणारे ॲल्युमिनियमचे हाय-स्टिअर नकल, जोडी, सीलबंद! सर्व्होपासून (म्हणजे स्टिअरिंगच्या मोटरपासून) चाकाकडे जाणारी स्टीलची ड्रॅग लिंक, दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड, सर्व्होवर बसणारा क्लॅम्पवाला पंचवीस दात्यांचा हॉर्न, दांड्यांच्या टोकांना लागणाऱ्या रॉड एंडची पुडी. राजमाचीच्या वेळी "पगार झाला नाही रे" करत माझ्याकडून जीपचे पैसे भरून घेतलेस आणि घरी हा खजिना? बंड्याला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. तो म्हणतो जीपचे पैसे व्याजासकट युरोत घे.

आता तुला आपलं जुनं भांडण आठवत असेलच. मी प्लॅस्टिकवाला, तू धातूवाला. माझं म्हणणं होतं की प्लॅस्टिक दगडाला आपटलं की थोडं वाकतं आणि परत येतं, आणि तू म्हणायचास स्टिअरिंगच्या लिंकने वाकायचंच नसतं, वाकली म्हणजे तू ट्रान्समीटरवर दिलेलं चाकापर्यंत पोचलंच नाही. त्यावरून आपण सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी गार होईपर्यंत भांडलो होतो, आणि टाक्यात गाडी कोणी घातली हा विषय पण तिथेच निघाला होता (तूच घातलीस). घोरपडीचं पुढचं सगळं इतकी वर्षं बेसाल्टवर घासून सैल झालं होतं. हे साहजिकच आहे, सांधे झिजतातच. पण चाक हाताने धरून हलवलं की सर्व्हो हलायच्या आधीच दोन्ही बाजूंना बरंच फिरायचं. चिनू सरळ जायला बघायची आणि गाडी दारू प्यायल्यासारखी. डबा उघडल्यावर मग थांबणं शक्यच नव्हतं.

बसवणं तुला डोळ्यांसमोर येईल म्हणून भराभर सांगतो. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, चाकं काढली, जुने नकल काढले, बेअरिंगं धुऊन तेल देऊन नव्या नकलमध्ये बसवली. धातूत धातू जातो तिथे स्क्रू सैल होऊ नये म्हणून निळं लॉकटाइट, नकल धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या सी-हबमध्ये जाणाऱ्या स्क्रूला अजिबात नाही, हे तुझंच शिकवणं. टाय रॉडला एका टोकाला उलटे आटे आहेत त्यामुळे न काढता फिरवून लांबी बदलता येते, हे बघून चिनूला जादू वाटली आणि ती अर्धा तास तेच करत बसली. टो शून्यावर ठेवला, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना समांतर. सर्व्हो नवीन घेतला, पंचवीस किलो ताकदीचा, मेटल गिअरचा, कारण हॉर्नपासून चाकापर्यंत सगळं धातूचं झालं की पुढचा धक्का सरळ सर्व्होच्या दात्यांवर जाणार आणि पूर्वी तो धक्का झेलायचं काम तो प्लॅस्टिकचा हॉर्न बिचारा गपचूप करत होता. (हा माझा मुद्दा होता. तू मान्य करणार नाहीस. तरी लिहून ठेवतो.) सर्व्होला वीज देणारा बीईसी सहा व्होल्टवरच ठेवलाय. त्यावर ७.४ चं बटण आहे, पण हा सर्व्हो ६.८ च्या वर चालवायचा नाही, आणि तू इथे असतास तर ते बटण दाबलं असतंस हे मला माहितीये.

आधी सर्व्होला करंट देऊन मध्यावर आणला, ट्रान्समीटरवरचा सब-ट्रिम (मध्य सरकवायचा तो) शून्य, मग हॉर्न बसवला. ड्रॅग लिंकला काटकोन जुळत नव्हता, एक दाता इकडे नाहीतर तिकडे, म्हणून उरलेलं सब-ट्रिमने भरून काढलं. एंड पॉइंट, म्हणजे वळायची हद्द, दोन्ही बाजूंनी कमी केले, कारण नव्या नकलमुळे चाक जास्त वळतं आणि पूर्ण वळवलं की युनिव्हर्सल जॉइंट आतून कट-कट करायला लागतो आणि सर्व्हो टोकाला अडकून घूं करत तापतो. आता टोकाला गेला की गप्प. इथपर्यंत सगळं छान. इतकं छान की मी बायकोला दाखवायला बोलावलं. ती "बरं" म्हणाली.

मग वेताळ टेकडी. पाऊस उघडला होता, खाणीच्या बाजूचे काळे दगड सुकले होते, तीच आपली जागा, जिथे तुझा चष्मा गेला होता. चिनूकडे ट्रान्समीटर. घोरपड पहिला दगड सरळ चढली, मी म्हटलं वा, आणि दुसऱ्या दगडावर पुढचं उजवं चाक वर गेलं, शॉक दबला आणि दोन्ही चाकं आपली आपण डावीकडे वळली. गाडी दगडावरून घसरून आडवी. मी चिनूवर ओरडलो आणि ती शांतपणे अंगठा ट्रान्समीटरच्या चाकावरून काढून म्हणाली, बाबा मी स्टिअरिंग हलवलंच नाही.

आणि खरंच नव्हतं हलवलं.

घरी येऊन तुझी पद्धत केली. शॉकच्या स्प्रिंगा काढल्या, सर्व्हो चालू ठेवला, पुढचं चाक जमिनीवर कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारली आणि बॉडी हाताने खाली दाबली. चाक रेघेवरून सरकत सरकत वळतं. सोडलं की परत सरळ. एवढं स्वच्छ बंप स्टिअर, सस्पेन्शन दबलं की चाक आपोआप वळणं, मी आयुष्यात बघितलं नाही. ही गाडी पळवायची असती तर एक वेळ चाललं असतं, पण आपल्याला मुंगीच्या वेगाने टायरची कड बोटभर दगडावर ठेवायची असते, तिथे चाक स्वतःच्या मनाने वळलं की संपलंच.

कारण तुला आत्ताच कळलं असेल, पण मला लिहू दे. पूर्वी ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड (ॲक्सलला चासीशी धरून ठेवणारा दांडा) दोन्ही एकाच तिरकसपणात होते, वर चासीला, खाली ॲक्सलला. सस्पेन्शन दबलं की पॅनहार्ड ॲक्सलला थोडं बाजूला ढकलतो आणि ड्रॅग लिंकही तेवढीच सरकते, हिशोब बरोबर. तुझ्या नकलचा हात उंच आहे, म्हणून तर हाय-स्टिअर, टाय रॉड दगडाला घासत नाही, ते सगळं मला मान्य. पण त्यामुळे ड्रॅग लिंक जवळजवळ आडवी झाली आणि पॅनहार्ड तसाच तिरका राहिला. एका जोताला दोन बैल आणि एकाचं पाऊल लांब, तसं झालंय. ॲक्सल बाजूला जातो, ड्रॅग लिंक जात नाही, मग फरक कुठे निघणार, चाकात.

पहिला उपाय, ड्रॅग लिंकचं टोक नकलच्या हाताच्या वरून काढून खालून लावायचं. लावलं. फरक पडला, अर्धा गेला म्हण. पण डावीकडे पूर्ण वळवलं की ड्रॅग लिंक टाय रॉडवर बसते, आणि सर्व्हो परत घूं. दुसरा, ॲक्सलवरचं पॅनहार्डचं टोक उंच करायचं, खाली स्पेसर घालून. बोहरी आळीतून लांब एम३ स्क्रू आणि नळीचे तुकडे आणले (दुकानदाराने विचारलं कशाला पाहिजे, मी म्हटलं मुलीच्या प्रोजेक्टला, चिनूने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू). उंच केलं तर पॅनहार्डच टाय रॉडला आडवा येतो. शिवाय तो लांब स्क्रू एका बाजूनेच धरलेला, एवढ्या लिव्हरेजवर किती टिकेल देव जाणे. बंड्याचं मत, सर्व्हो सरळ ॲक्सलवर बसव, पॅनहार्डची कटकटच नको. बरोबर आहे त्याचं, सर्व्हो ॲक्सलबरोबरच वरखाली झाला की बंप स्टिअर उरतच नाही. पण मग ती घोरपड राहील का रे? बॉनेटखाली सर्व्हो लपलेला हवा, खऱ्या जीपसारखं दिसलं पाहिजे, म्हणून तर २०१७ मध्ये बाकी सगळं सोडून आपण हे चेरोकीचं किट घेतलं होतं.

म्हणजे राहिला तिसरा. पॅनहार्डचं चासीकडचं टोक खाली आणायचं. त्यासाठी रेलला, आत्ताच्या भोकाच्या खाली, एक नवीन तीन मिलिमीटरचं भोक.

थांब. कागद फाडू नकोस.

मला माहितीये तू काय म्हणाला होतास. "काय वाट्टेल ते कर, चासीला हात लावायचा नाही." मी ड्रिल हातात घेतलं होतं, सेंटर पंचने खूण करणार होतो, आणि तुझा आवाज आला, त्या टोनमध्ये, आणि मी ड्रिल परत पेटीत टाकलं. आणि हे मूर्खपणाचं आहे. स्टीलची सी-चॅनेल रेल आहे, एका भोकाने काही होत नाही. पण भोक खालच्या कडेच्या फार जवळ येतंय, मधे जेमतेम भोकाएवढीच पट्टी उरते. आणि चुकलं तर बुजवता येत नाही. बाकी सगळं मी स्क्रू काढून परत होतं तसं करून देऊ शकतो, जुने प्लॅस्टिकचे नकल तुझ्याच डब्यात नीट ठेवलेत. भोक तेवढं राहणार.

त्यात आणखी, गाडी कोणाची? पैसे अर्धे-अर्धे असं मी म्हणतो, तू म्हणतोस माझे अर्धे अजून आलेच नाहीत. तू "सांभाळ" म्हणून गेलास, "तुला दिली" म्हणाला नाहीस. मी इतकी वर्षं सांभाळली, टायर बदलले, मोटर बदलली, कधी विचारलं नाही. मग या भोकाला का विचारतोय? चिनू म्हणते काकांना विचार, त्यांची आहे ना. तिला मी सांगितलं होतं काकांची आहे, म्हणजे जपून चालवेल. आता अडकलो. आणि खरं सांगू, तू परत येऊन ही चालवणार आहेस का, हे मला विचारायचंय आणि ते सरळ विचारायला कसंतरी होतं. येणार असशील तर भोक नको, आपण दोघं बसून बघू. येणार नसशील तर तसं सांग, मी दोन दिवस तुला शिव्या देईन आणि ड्रिल काढीन.

वहिनीचं जर्मन कसं चाललंय? नोकरी टिकली हे आईकडून कळलं, बरं झालं. छोट्याचे फोटो बघितले, कान डिट्टो तुझे, सॉरी. घर घेताय म्हणे, घ्या.

एक मधला मार्ग आहे, काल रात्री सुचला. जुन्याच भोकांत बसणारा, खाली उतरणारा एक ब्रॅकेट करून घ्यायचा, तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा. रेलला काही करावं लागणार नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात तुझ्या मावसभावाचं शॉप आहे ना अजून? तो माझ्या हाताने काढलेल्या चित्रावर काम करणार नाही, गेल्या वेळी म्हणाला होता हे कोंबडीचं चित्र आहे का. तू कॅडमध्ये काढून दे. मापं मी व्हर्नियरने घेतलीत, शेवटच्या पानावर आहेत. पॅनहार्डचं टोक आता आहे त्याच्या सहा मिलिमीटर खाली यायला पाहिजे, पण दबल्यावर ते सर्व्होच्या हॉर्नला लागतं का हे मला समजत नाहीये, तू बघ. आणि ब्रॅकेटला आतून एक टेका दे, नाहीतर तो बाजूच्या जोराने मुरडेल.

आणि डिसेंबरला येणार असलास तर तिकडून चांगले रॉड एंड घेऊन ये, इथे मागवले तर कस्टमवाले काय लावतील सांगता येत नाही. लायपो बॅटरी आणणार असशील तर केबिन बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये चालत नाही, नाहीतर मागच्या वेळसारखं बॅग उघडून बसशील आणि वहिनी माझ्यावर चिडेल.

ड्रॉइंग पाठव. शनिवारपर्यंत आलं नाही तर भोक पाडतो.

तुझा,
ढोल्या

ता. क. टाक्यात गाडी तूच घातली होतीस. बंड्याकडे व्हिडिओ आहे.