ट्यूलिपचे कंद, बागेतली भुरी आणि बाळ्याचं स्थळ

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
२६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. प्रकृती उत्तम, जेवण वेळेवर, स्वेटर अंगात. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आईला पुढचं पत्र निवांत वाचता येईल. आज पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मी लॅबमध्येच असते. फोन उचलला नाही तर घाबरून शेजारच्यांना उठवू नका.

फोनवर बाबा "काम कसं चाललंय" विचारतात, मी "चांगलं" म्हणते आणि बाबा फोन आईकडे देतात. म्हणून हे पत्र.

आई, आधी तुझं. "बुरशीत हात घालून बसतेस, एक दिवस तुलाच म्युकर होईल" हे तू आता आजीकडूनही वदवून घ्यायला लागलीस. अगं, म्युकर वेगळी. २०२१ मध्ये कोविडनंतर जिनं लोकांचे डोळे आणि जबडे घेतले, जिच्यासाठी अँफोटेरिसिनची इंजेक्शनं शोधत माणसं जिल्हे पालथे घालत होती, ती माझ्या टेबलावर नाही. माझी आहे ॲस्परजिलस फ्युमिगेटस. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. तू, मी, बाळ्या, सगळेच रोज शेकड्यांनी नाकावाटे आत घेतो आणि धडधाकट माणसाचं शरीर ते गुपचूप निकालात काढतं. मी बशा उघडते त्या गाळलेल्या हवेच्या काचकपाटात, हातमोजे घालून. खरं सांगायचं तर आपल्या उकिरड्याशी उभं राहून तुझ्या नाकात जेवढी जाते तेवढीही माझ्या नाकात जात नाही. ही बुरशी गाठते ती आधीच खचलेल्या माणसाला: रक्ताच्या कर्करोगावर केमो चालू असलेल्या, अवयव बदललेल्या, जबर फ्लूनं आयसीयूत पडलेल्या. यांपैकी मी कोणीच नाही.

दुसरी काळजी माझ्या खोकल्याची. "तिकडच्या डॉक्टरनं पोरीला साधी गोळी दिली नाही" ही बातमी आत्यापर्यंत गेली म्हणे. हे नीट सांगते, कारण माझ्याही डोक्यात ते शिरायला वेळ लागला.

इथे प्रत्येकाचा एक ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो, त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. त्याच्याकडे नाव नोंदवलेलं असलं तरी उठून जायचं आणि बाकावर नंबर लावून बसायचं, हे चालत नाही. आधी फोन. फोनवर डॉक्टर नाही, मदतनीस बाई असते. ताप किती, कधीपासून, श्वास लागतो का, हे ती शांतपणे विचारते आणि बहुतेक वेळा तीच निकाल देते: पॅरासिटामॉल घ्या, वाट बघा, वाढलं तर फोन करा. फारच अडून बसलात तर दहा मिनिटांची वेळ मिळते. दहा म्हणजे दहा. त्यात एकच तक्रार न्यायची. खोकल्याबरोबर गुडघाही दाखवून घेऊ, असं नाही. त्याच्या चिठ्ठीशिवाय छातीचा डॉक्टर नाही की एक्स-रे नाही. त्याला भेटायचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण पुढे इस्पितळात गेलात की वर्षातले पहिले ३८५ युरो आपल्या खिशातले, मग विमा. मी गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं आणि तिथल्या तिथे सीआरपी, म्हणजे अंगात दाह किती आहे तो आकडा, पाहिला. आकडा वीसच्या खाली असला तर अँटिबायोटिक द्यायचं नाही, शंभराच्या वर गेला तर द्यायचं, मधला असला तर डॉक्टरनं डोकं वापरायचं. माझा वीसच्या खाली होता. "आणखी आठवडाभर राहील, मग जाईल," म्हणाल्या. गेला. आपल्याकडे इंजेक्शन टोचल्याशिवाय पेशंटला डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही. इथली माणसं रिकाम्या हातांनी बाहेर पडतात आणि खुशाल सायकलवर टांग मारून निघून जातात! पहिल्या वर्षी मला याचा संताप यायचा. आता पटतं. या हातराखणीमुळेच अँटिबायोटिकचा वापर युरोपात ज्या देशांत सर्वांत कमी आहे, त्यांत हा देश येतो. इस्पितळात दाखल करून घेतानाही विचारतात, परदेशातल्या इस्पितळात राहिला होतात का, डुकरांच्या गोठ्यात काम करता का. हो म्हटलं की आधी वेगळी खोली आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या एमआरएसए जंतूची तपासणी, मग बाकीचं.

आणि माणसाला गोळी देताना एवढा हात आखडणारा हा देश सध्या ट्यूलिपचे कंद औषधात बुचकळून जमिनीत लावतोय.

बाबा, आता इथून पुढचं तुम्ही वाचा.

आपल्या द्राक्षांची गोडी छाटणी आणि इथली कंदलागवड एकाच सुमारास येतात. कंद जमिनीत कुजू नयेत म्हणून लावण्याआधी बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढतात. वसंतात फुलं उमलली, शेतं रंगली, पर्यटकांचे फोटो काढून झाले की यंत्र फिरवून सगळी फुलं छाटून टाकतात, ताकद कंदात उतरावी म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात कालवलं होतं. तुम्ही मात्र मान डोलावली असती. उन्हाळ्यात कंद काढतात, सोलतात. सालं, कुजके कंद, पाला यांचा ढीग लागतो आणि मी ज्या बुरशीवर काम करते ती तिथे सुखानं नांदते. पन्नास अंशांची धग तिला सोसते, आणि त्याच ढिगात औषधाचा अंशही उरलेला असतो. ज्यांना ते लागू पडतं त्या मरतात, उरतात त्यांची पिलावळ वाढते, बीजाणू वाऱ्यावर जातात.

यात डॉक्टरांचं काय अडतं? हे बुरशीनाशक ॲझोल गटातलं असतं, आणि फुफ्फुसातली ही बुरशी मारायचं मुख्य औषध, व्होरिकोनॅझोल, तेही त्याच गटातलं. दोन्ही एकाच ठिकाणी घाव घालतात: बुरशीला पेशीच्या पापुद्र्यासाठी अर्गोस्टेरॉल लागतं, ते बनवणारं एंझाइम बंद पाडतात. व्होरिकोनॅझोल फार मोलाचं औषध आहे. २००२ सालच्या मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी ते घेतलेल्यांपैकी जवळजवळ ७१ टक्के रुग्ण जगले होते, जुन्या अँफोटेरिसिनवरचे ५८ टक्के. मग इथल्या डॉक्टरांना असे रुग्ण दिसायला लागले, ज्यांनी आयुष्यात कधी ॲझोल घेतलं नव्हतं, तरी त्यांच्या फुफ्फुसातली बुरशी त्याला जुमानत नव्हती. नायमेखेनच्या पॉल फेरवाय यांच्या गटानं जपून ठेवलेले जुने नमुने काढून तपासले, तर औषधाला दाद न देणारा जनुकातला एकच बदल १९९८ पासून हजर होता. माणसाच्या अंगात घडला असता तर प्रत्येकात वेगळा दिसला असता. हा सगळीकडे एकच, आणि मातीत, ढिगातही तोच. नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या नोंदींत साध्या बुरशीचे २८ टक्के रुग्ण सहा आठवड्यांत दगावलेले दिसतात, औषधाला सरावलेल्या बुरशीचे ४९ टक्के. डब्लिनमध्ये विकायला ठेवलेल्या डच कंदांवरही ती सापडली आहे. आणि आपण सुटलेलो नाही: दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना २०१२ मध्ये हाच बदल भारतातल्या मातीतही मिळाला.

तुम्ही म्हणाल, झालं, डॉक्टर लोक पुन्हा शेतकऱ्याच्या माथी मारणार. इथले शेतकरीही हेच म्हणतात, आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. युरोपच्या गव्हावरचे करपा-तांबेरा आवरायला ॲझोल लागतं, उद्या बंद करा म्हणणं सोपं नाही. पण २०१० ते २०२१ या काळात युरोपात सुमारे १ लाख २० हजार टन ॲझोल खपलं आणि त्यातलं ९९ टक्के शेतीत गेलं, असा युरोपीय संस्थांचा यंदाच्या जानेवारीतला अहवाल सांगतो. गव्हासाठी मी भांडेन, फुलांसाठी नाही. हे मी इथे कँटीनमध्ये बोलत नाही, तुम्हाला सांगते. आणि शहाणपण आलंय म्हणावं, तर तेही नाही. ओलोरोफिम नावाचं अगदी नव्या वाटेनं मारणारं औषध रुग्णांसाठी अजून मंजूरही झालेलं नाही, तोवर त्याच ठिकाणी घाव घालणारं शेतीचं इपफ्लुफेनोक्विन अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर होऊन बसलं.

आपल्या बागेचं सांगते, रागावू नका. "दर वेळी औषध पालटून मारतो" म्हणता, पण हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल ही नावं तीन असली तरी गट एकच. भुरीच्या, म्हणजे वेलीवरच्या त्या पांढऱ्या बुरशीच्या, दृष्टीनं तुम्ही काहीच पालटलेलं नाही. पूर्वी एका फवारणीत आटपायची, आता दोन-तीन लागतात, हे तुम्हीच सांगता ना? मधल्या फवारण्या गंधकाच्या घ्या. ऊन चढल्यावर नको, पानं करपतात, हे मी तुम्हाला काय शिकवणार. उभ्या वेलीचं मला तेवढं भय नाही, ही बुरशी वेलीवर वाढत नाही. भय आहे ते फवारलेला पाला आणि सडके घड घरामागे टाकून महिनोन्महिने तसेच ठेवतो त्याचं. तो ढीग लांब न्या. आजीला दमा आहे, ही बुरशी दम्याच्या माणसाची धाप वाढवू शकते. तिला तिकडे फिरकू देऊ नका.

आता काकांचं. क्षयाचा कोर्स पूर्ण होऊन वर्षं झाली, बेडक्यात जंतू सापडत नाहीत, तरी खोकला, वजन उतरलेलं, अधूनमधून रक्त, आणि पुन्हा क्षयाच्याच गोळ्या सुरू करायचं चाललंय असं आई म्हणाली. क्षय बरा होताना फुफ्फुसात पोकळी ठेवून जातो आणि त्या पोकळीत ॲस्परजिलस बिऱ्हाड करू शकते. लक्षणं क्षयासारखीच दिसतात, क्षयाच्या गोळ्यांनी मात्र उतार पडत नाही. छातीच्या डॉक्टरांकडे न्या, सीटी स्कॅन आणि रक्तातली ॲस्परजिलस आयजीजी ही तपासणी करायची का, एवढं विचारा. मी काही डॉक्टर नाही, कदाचित काही निघणारही नाही. निघालं तर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात. बाबा, तेही ॲझोलच. तुमच्या फवारणीनं काकांना काही झालं, असं मी म्हणत नाहीये, काकूसमोर असं चुकूनही बोलू नका. पण लागलंच तर ते औषध चाललं पाहिजे, एवढंच.

तपासणीचे पैसे मी देते. तुम्ही नको म्हणाल म्हणून ते काकूच्या खात्यावर पाठवलेत. त्यामुळे तुमच्याकडे या वेळी कमी आले. इथलं भाडंही वाढलंय, पण माझं भागतं, त्याची चर्चा नको. आलेल्यातून आधी सोसायटीचा हप्ता भरा. बागेवर प्लास्टिक घालायचं मीच बोलून बसले होते, आणि यंदाचा पाऊस बघता ते लवकर व्हायला हवं हेही कळतं, पण पुढच्या वर्षाआधी माझ्याकडून जमणार नाही. माझा करार पुढच्या सप्टेंबरात संपतो, प्रबंध तोवर पुरा होईलसं दिसत नाही. शेवटचे काही महिने पगाराशिवाय लिहावं लागेल. इथे पुष्कळ जणांचं असंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त माझ्या भरवशावर बाळ्याला नवं कर्ज काढू देऊ नका.

आणि बाळ्याचं स्थळ. शेती करणारा मुलगा चालेल, असं मुलीकडचे आपणहून म्हणतात, हे हल्ली किती घरांत ऐकू येतं? "आधी ताईचं, मग त्याचं" म्हणून त्यांना ताटकळत ठेवू नका. भाऊबीजेला व्हिडिओवर ओवाळत होते तेव्हा त्यानं एक अक्षर काढलं नाही, पण चेहरा दिसत होता मला. पुण्याच्या त्या मुलाचा फोटो पाहिला, बोललेही त्याच्याशी. चांगला आहे. परत कधी येणार, असं त्यानं सरळ विचारलं आणि मला सरळ उत्तर देता आलं नाही. तेव्हा नाही कळवून टाका, मला दुसरा कोणी पसंत आहे वगैरे काही नाही. आत्याला मी समजावते, आईनं तिच्यासमोर रडू नये.

साखरपुडा डिसेंबर-जानेवारीत धरलात तर मला येता येणार नाही, नमुन्यांचं काम तेव्हाच आहे. माझ्यासाठी तारीख हलवू नका. लग्न मेमध्ये धरा, खरड छाटणी उरकलेली असेल, मी नक्की येते. आठवडाभरच, पण येते.

आजीला नमस्कार. बाकी क्षेम.

तुमची,
ताई

ता. क. बाळ्या, फवारणीचा ब्लोअर चालवताना तोंडाला रुमाल बांधतोस तो काही कामाचा नाही, मी पाठवलेला मास्क खोक्यातून बाहेर काढ. होणाऱ्या वहिनीची अंगठी माझ्याकडून. त्याचे पैसे वेगळे ठेवलेत, बाबांनी ते हप्त्यात धरू नयेत.