लेहला निघण्यापूर्वी

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सिंधूच्या काठी पाण्याची टंचाई कशी, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. सिंधू खोल दरीतून वाहते. बहुतेक गावं तिच्याहून उंचावर, बाजूच्या ओढ्यांवर वसलेली. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत तो एका दिवसात पडून जातो. त्यामुळे सारी भिस्त डोंगरमाथ्यावरच्या बर्फावर.

खरी अडचण वेळेची आहे. जव पेरायचे एप्रिल-मेमध्ये आणि हिमनद्या नीट वितळतात जूनमध्ये. हिवाळ्यात मात्र ओढ्याचं पाणी तसंच वाहून जातं. इंजिनियर चेवांग नॉर्फेल यांनी १९८७पासून ते पाणी सावलीतल्या उतारावर वळवलं आणि आडवे दगडी बांध घातले. पाणी संथ होऊन पातळ पसरतं, थरावर थर गोठतं. हे बर्फ गावाच्या जवळ, कमी उंचीवर असल्यामुळे पेरणीच्या वेळी वितळतं.

सोनम वांगचुक यांचा बर्फाचा स्तूप, म्हणजे पेरणीसाठी साठवलेल्या बर्फाचा उंच शंकू, पंपाशिवाय उभा राहतो. वरच्या ओढ्यातून पाइप आणायचा. उगम ३० मीटर उंच असेल तर कारंजं जवळपास तेवढंच उडतं आणि रात्रीच्या थंडीत पडता पडता गोठतं. शंकूच्या आकारामुळे उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो. बिघडतं ते पाइपमध्ये: प्रवाह थांबला की आतलं पाणी गोठून पाइप तुंबतो किंवा फुटतो. म्हणून तो जमिनीत पुरायचा, कुठे झोळ पडू द्यायचा नाही, आणि प्रवाह थांबताच रिकामा करायचा.

आई, तुझ्या माहेरी साक्रीला फडाचं, म्हणजे सामाईक पाटावरच्या शेतांचं, पाणी पाटकरी सोडतो ना, तसा तिथे चुरपोन असतो. पाट म्हणजे युरा, छोटं तळं म्हणजे झिंग. रात्री झिंग भरायचं, सकाळी पाळीने सोडायचं. मला ही व्यवस्था स्तूपाहूनही मोलाची वाटते.

तिथे अंघोळ एका बादलीत उरका. हॉटेलं बोअरचं पाणी उपसतात. उंचीमुळे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ कुकरशिवाय शिजणार नाही. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. पँगाँग तळ्याचं पाणी खारट आहे, प्यायचं पाणी लेहहूनच भरून न्या. आणि गाडी पहाटे काढायला सांगा: दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात, सकाळी तेच घोटाभर असतात.

तुमची,
धाकटी