फोटो दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी घरं आणि ऑफिसं नव्यानं सजवल्याचे फोटो हल्ली नेमानं येतात. मी पंचवटीत राहतो, फर्निचरची कामं घेतो, त्यामुळे ते पान जरा जास्तच बारकाईनं बघतो. कामं देखणी असतात, यात वाद नाही. तक्रार एवढीच, की सगळे फोटो रंगाचा वास जायच्या आत काढलेले असतात.

सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजा इकडच्या वाड्यांत आता वकिलांची ऑफिसं, बुटीक, कॅफे निघताहेत. वाडा पाडून टॉवर उठण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण या भिंती दगड-विटांच्या, माती-चुन्यातल्या. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून बाहेर पडून वाळून जाते. म्हणून तर त्या एवढी वर्षं उभ्या आहेत. त्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाटच बंद. मग ती आणखी वर चढते आणि वाट मिळेल तिथे क्षार सोडते. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

मागे गोदाकाठच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. रिसेप्शनमागची भिंत अक्रोडी विनियरनं मढवलेली, मध्ये पितळी पट्ट्या, वरून पिवळा उजेड. बघत राहावं असं काम! मालकांची तक्रार फक्त कुबट वासाची होती. खालचं पॅनल उचकटलं तर मागे पांढरा भुसभुशीत लोणा, बोट लावलं की गिलावा हातात, आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या) कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगलेल्या. वाळवीची मातीची वाट थेट सागाच्या खांबापर्यंत गेलेली. खांबाभोवती पीओपीचा चौकोनी डबा, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. डबा फोडला तर आत कोरीव खांब. तो झाकायला पैसे मोजले होते, बोला!

उपाय काही फार अवघड नाहीत. भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यायचा, वर चुन्याचा हात. पॅनल हवंच असेल तर भिंतीपासून सुटं, खाली-वर हवा खेळेल असं. कोनाडे बुजवू नयेत, आत एक दिवा सोडला की पुस्तकांना यापेक्षा झकास जागा नाही. खांब, तुळया, कडीपाट उघडे ठेवले तर वाळवी वेळेत दिसते आणि फॉल्स सीलिंगचा खर्च वाचतो.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर आपण नाशिककर पूर मोजतो, पण त्याच काठावर तळमजल्याला फरशीला टेकवून कपाटं करतो. निदान ती भिंतीला अधांतरी टांगा, नाहीतर खाली दगडी ठोकळे द्या. एमआर ग्रेडची, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारी, कमर्शियल प्लाय दमट हवेपुरती ठीक. आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जाते. पण गिऱ्हाईक सनमायक्याचा रंग निवडण्यात अख्खी दुपार घालवतं आणि आत कुठली प्लाय घालणार, हे विचारतच नाही.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडाच्या आसपास भाड्यानं द्यायच्या खोल्या चकाचक करायच्या चौकश्या माझ्याकडे येऊ लागल्या आहेत. सगळ्यांना पुरवणीतल्यासारखंच हवं असतं, आणि तेही झटपट. म्हणून विनंती, की फोटोखाली गिलावा कशाचा, प्लाय कुठली, हेही छापा. आणि जमेल तिथे दोन पावसाळे उलटल्यावर त्याच भिंतीचा पुन्हा एक फोटो घ्या. जागेची अडचण असेल तर सोफ्यावरच्या उशांचा फोटो गाळा.

डिझायनरचं नाव तर आपण छापताच. सुताराचंही छापलंत तर आमच्या बिरादरीला बरं वाटेल.

आपला वाचक,
एक फर्निचर कंत्राटदार, पंचवटी, नाशिक