नंबर लागतो, वेळ मिळत नाही

महोदय,

नाशिकमध्ये हृदयरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांची वेळ मागितली की अनेकदा पुढच्या आठवड्याची तारीख मिळते, आणि त्या दिवशीही तासन् तास बाकावर बसावे लागते. शहरातला माणूस निदान रात्री घरी पोहोचतो. सुरगाणा, पेठहून आलेल्या रुग्णाची शेवटची एसटी चुकते. मजुरी बुडते ती वेगळीच. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथे हे व्हावे याचे फार वाईट वाटते. काही सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग टळते, पण पुढची डॉक्टरांच्या दारातली टळत नाही. बाहेरगावच्या रुग्णांसाठी सकाळचे काही नंबर राखून ठेवावेत. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले, तर रुग्ण गावाहून निघण्याआधीच फोन करावा.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक