जुन्या आरएक्स-७मध्ये रेनेसिस बसवताना पाठीशी उभ्या राहिलेल्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या पहिल्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ या स्पोर्ट्स गाडीत माझदाचेच नंतरचे रेनेसिस हे रोटरी इंजिन बसवण्याचे काम पूर्ण झाले असून गाडी आता नियमितपणे रस्त्यावर धावत आहे. पाने फिरवणारे हात माझे असले, तरी हे काम तडीस गेले ते तुमच्यामुळे. समक्ष आभार मानायला आलो, की तुम्ही विषय बदलून तेलाचे तापमान किती राहते तेच विचारता, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. तुमचे नाव कुठे येऊ नये ही तुमची अट मी पाळली आहे. तुम्ही नेमके काय केलेत ते मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण असे काम अंगावर घेणाऱ्याला कोणत्या प्रकारच्या मदतीची गरज पडते, हे त्यावरून इतरांनाही कळेल.

सुरुवातीला ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला, की रोटरीचा, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाचा, नाद सोड आणि एखादे पिस्टनचे इंजिन टाकून मोकळा हो. तुम्ही एकट्याने मला उलट प्रश्न केलात, की ही गाडी कशाभोवती बांधली आहे ते कधी पाहिलेस का? १९७८ साली आलेल्या या गाडीचे नाक इतके बसके राहू शकले ते तिच्या मूळच्या १२ए या रोटरी इंजिनाच्या आटोपशीर आकारामुळे. ५७३ सीसीचे दोन रोटर मिळून ११४६ सीसीचे हे इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे बसते आणि त्यामुळे गाडीचा भार पुढे आणि मागे जवळजवळ सारखा विभागला जातो. तिथे उंच आणि जड इंजिन घातले, तर बॉनेटच्या रेषेपासून वळणावरच्या वागण्यापर्यंत सगळेच बदलून जाते. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले रोटरी इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीकडे १९५७ मध्ये चालू झाले आणि माझदाची कॉस्मो स्पोर्ट १९६७ मध्ये बाजारात आली. माझदाचे अभियंते केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी त्या गाडीआधी हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांशी कसे झुंजले आणि अखेर रोटरच्या टोकांवर बसणाऱ्या, कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या सीलपर्यंत कसे पोचले, हे तुम्ही मला ज्या आदराने सांगितलेत, त्याने माझा निर्णय पक्का झाला. याच घराण्यातले पुढचे इंजिन घ्यायचे, हे त्या संध्याकाळी ठरले.

ते पुढचे इंजिन म्हणजे रेनेसिस. २००३ साली आरएक्स-८सोबत आलेले हे इंजिन माझदाच्या १३बी या रोटरी इंजिनांच्या कुळातलेच आहे, म्हणजे ६५४ सीसीचे दोन रोटर. त्याचे वेगळेपण कशात आहे, ते तुम्ही जुनी आणि नवी प्लेट शेजारी शेजारी ठेवून दाखवलेत. १२एमध्ये धूर बाहेर पडण्याचे तोंड हाउसिंगच्या परिघावर असते, तर रेनेसिसमध्ये ते बाजूच्या प्लेटमध्ये नेलेले आहे. त्यामुळे आत येणारी आणि बाहेर जाणारी दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडी राहण्याचा प्रकारच संपतो, न जळलेले पेट्रोल वाया जात नाही आणि इंजिन मंद गतीवर शांत चालते. वरच्या क्षमतेच्या आवृत्तीत शाफ्ट मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जातो, तरी रोटर स्वतः त्याच्या एक तृतीयांश गतीनेच, म्हणजे ३००० फेऱ्यांनी फिरत असतो, हे वाचून ठाऊक असूनही मला खऱ्या अर्थाने उमगले ते तुम्ही शाफ्ट हाताने फिरवून दाखवला तेव्हाच.

तुमचे पहिले मोठे उपकार इंजिन विकत घेतानाचे आहेत. जे इंजिन मी घेणार होतो, त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उत्तम असल्याची ग्वाही विकणाऱ्याने दिली होती आणि आकडाही चांगला सांगितला होता. तो आकडा साध्या पिस्टन इंजिनाच्या गेजवर घेतलेला आहे, हे तुम्ही ऐकताक्षणी ओळखलेत. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब तेवढा दाखवतो आणि मेलेली बाजू त्यामागे लपून राहते. तुम्ही तुमचे रोटरीचे खास यंत्र घेऊन माझ्यासोबत आलात, स्पार्क प्लग काढून ते जोडलेत, स्टार्टर मारायला सांगितलात आणि मला फक्त कान देऊन ऐकायला लावलेत. पुढच्या रोटरचे तीन फुसकारे एकसारखे येत होते. मागच्या रोटरचे दोन दमदार आणि तिसरा अगदी मलूल होता. आकडे नंतर २५० फेऱ्यांच्या हिशेबात बदलून घेतले, तेव्हा त्या एका बाजूचा दाब चालण्याजोग्या किमान ६८० किलोपास्कलच्या बराच खाली निघाला. तुम्ही विक्रेत्याशी एक शब्दही वावगा न बोलता यंत्र आवरलेत आणि आपण दुसरे पाहू, एवढेच म्हणालात. पुढे जे इंजिन मिळाले, त्याच्या साऱ्या बाजू सारख्या आणि भरघोस निघाल्या. तुम्ही त्या दिवशी आला नसतात, तर एवढे सगळे कष्ट एका मरू घातलेल्या इंजिनावर खर्ची पडले असते.

दुसरी गोष्ट त्या पोकळ सांगाड्याची. निकामी झालेल्या एका रेनेसिसच्या प्लेट आणि हाउसिंग रोटर व शाफ्टविना एकत्र आवळून तुम्ही ठेवलेल्या होत्या आणि तो सांगाडा काम संपेपर्यंत माझ्या स्वाधीन केलात. दोघांना उचलता येईल असे ते नकली इंजिन गाडीत घालून, काढून, थोडे सरकवून पुन्हा घालून सगळी मापे निश्चित करता आली. जुने १२ए पुढच्या बाजूला आडव्या पट्टीवर बसते, रेनेसिसची टेकण्याची ठिकाणे निराळी, त्यामुळे माउंटिंग नव्याने करणे भागच होते. त्यात या गाडीच्या स्टीअरिंगची आडवी दांडी इंजिनाखालून जाते आणि नव्या इंजिनाचे रुंद, उथळ ऑइल चेंबर नेमके तिच्या वाटेत येते. अशा वेळी ग्राइंडर हातात घेऊन चेसिसचा तुकडा उडवण्याचा मोह कोणालाही होईल. तुम्ही मात्र चेसिसला धक्का लावायचा नाही, जे कापायचे ते नव्या सुट्या भागातच कापायचे, असा दंडक घालून दिलात. बोल्टने बसणारी आडवी पट्टी आणि नव्या आकाराचे ऑइल चेंबर त्यातूनच तयार झाले. चेंबर करतानाही तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून मुळात होते तितक्याच अंतरावर राहिले पाहिजे, यावर तुम्ही ठाम होतात, कारण वळणावर तेल एका बाजूला सरकले की बेअरिंग कोरडे पडायला क्षणही पुरतो. बॉनेट आणि इनटेक यांच्यात किती जागा उरते, हे पाहण्यासाठी तुम्ही मॅनिफोल्डवर मऊ मातीचे गोळे ठेवलेत, बॉनेट अलगद मिटलेत, पुन्हा उघडलेत आणि चपटे झालेले गोळे एकेक करून कॅलिपरने मोजलेत. ती पद्धत मी आता प्रत्येक कामात वापरतो.

पुढचे ऑइल सील बदलताना तुम्ही दाखवलेल्या काळजीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. पुलीचा मधला बोल्ट सैल केला की शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल रोखणारे आतले थ्रस्ट बेअरिंग जागेवरून निसटू शकते, आणि ते तसेच चिमटीत असताना बोल्ट पुन्हा आवळला तर बेअरिंगचा चुरा होतो. बाहेरून याचा काहीही पत्ता लागत नाही. तुम्ही त्या कामासाठी इंजिन स्टँडवर उभे करून त्याचे तोंड आभाळाकडे करायला लावलेत, जेणेकरून आतले भाग आपल्याच वजनाने जागेवर राहतील. सील बदलून बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर तुम्ही बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावलात आणि शाफ्ट पुढे-मागे ढकलून पाहिलात. काटा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका हलला आणि थांबला. तुम्ही तेच माप पुन्हा घेतलेत, मग मला घ्यायला लावलेत, आणि दोघांची मापे जुळल्यावरच इंजिन आडवे करू दिलेत.

वायरिंगच्या बाबतीत माझा कल इंजिनाचे नियंत्रण करणारा बाहेरचा नवा संगणक बसवण्याकडे होता, कारण मूळ संगणकाबरोबर किल्ली ओळखणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल आणि मीटरचा संचही आणावा लागतो आणि एवढे सगळे १९७०च्या दशकात आखलेल्या डॅशबोर्डमागे दडवणे सोपे नसते. तुम्ही मला इंजिनाच्या बाजूने विचार करायला शिकवलेत. रेनेसिसमध्ये एपेक्स सीलना, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या सीलना, वंगण पुरवणाऱ्या तेलाच्या पंपाचे नियंत्रण विजेवर चालते आणि किती तेल सोडायचे ते संगणकच ठरवतो. इनटेकमधल्या झडपा कोणत्या गतीला उघडायच्या, हेही त्याच्याच हाती असते. ज्यांनी संगणक बदलला, त्यांना बहुधा हा पंप बंद करून पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे लागते. ती रीतही चालते, आणि शर्यतीच्या गाड्यांत ती सर्रास वापरली जाते, पण रोज वापरायच्या गाडीत प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना माणसाच्या आठवणीवर इंजिनाचे आयुष्य टांगून ठेवू नये, हे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. मग तुम्ही आरएक्स-८चा वायरिंगचा नकाशा टेबलावर पसरलात आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक तार तपासत गेलात. ठेवायच्या तारा हिरव्या, काढायच्या लाल, आणि ज्यांचा निर्णय नंतर घ्यायचा त्या निळ्या. डोळ्यांना त्रास होत असतानाही तुम्ही ते पूर्ण केलेत. तो कागद मी लॅमिनेट करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे.

पेट्रोलच्या व्यवस्थेत फारसा वाद नव्हता. कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बार दाब पुरत होता, नव्या इंजेक्टरना चार बारच्या आसपास लागतो, तेव्हा पंप, फिल्टर आणि नळ्या सगळ्याच बदलल्या.

गिअरबॉक्ससाठी मात्र तुम्ही मला थांबवलेत. आरएक्स-८चा सहा गिअरचा बॉक्स मागच्या डिफरन्शियलला एका लांब चौकटीने जोडलेला असतो आणि त्याला स्वतःचा आडवा आधार नसतो, त्यामुळे तो जुन्या गाडीत बसवायचा म्हणजे आधाराची सगळीच नवी रचना करावी लागते. तुमच्या सांगण्यावरून आरएक्स-७च्याच पुढच्या पिढीतला पाच गिअरचा बॉक्स घेतला. त्या वेळी फ्लायव्हीलबाबत तुम्ही दिलेला इशारा अमूल्य होता. रेनेसिसचे रोटर आधीच्या १३बीपेक्षा हलके असल्याने पुढचे आणि मागचे तोलाचे वजनही त्यांच्याच जोडीचे लागते. जुने फ्लायव्हील बोल्टला बसते म्हणून लावले, तर इंजिन वरच्या गतीला स्वतःलाच हादरवून टाकते.

उष्णतेची बाजूही तुम्ही सोडली नाहीत. रोटर आतून तेलानेच थंड होतो, म्हणून रेडिएटरइतकेच लक्ष ऑइल कूलरकडे द्यायला सांगून तुम्ही दोन कूलर आणि त्यांच्यावर थेट वारा येईल अशी पत्र्याची बंदिस्त वाट आखून दिलीत. मधल्या प्लेटमधले धुराचे तोंड दोन्ही रोटरांसाठी सामाईक असते आणि तिथेच सर्वाधिक उष्णता साठते, हे लक्षात घेऊन एक्झॉस्टजवळून जाणारी ब्रेकची नळीसुद्धा दूर नेलीत. आरएक्स-८मध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तुंबण्यामुळे उष्णता मागे साचून चांगली इंजिने कशी वाया गेली, ते तुम्ही पाहिलेले होते आणि त्या अनुभवाचा लाभ मला आयता मिळाला.

काका, या सगळ्यात तुम्ही एकदाही पाना माझ्या हातातून काढून घेतला नाहीत. तुमच्या हाताला हे काम कितीतरी लवकर जमले असते आणि माझी धडपड पाहत बसणे तुम्हाला सोपे गेले नसणार. तरीही तुम्ही बाजूला स्टूल टाकून बसलात आणि प्रत्येक टप्प्यावर फक्त प्रश्न विचारलेत. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर फिरवत तेलाचा दाब चढेपर्यंत थांबायला लावलेत, आणि मग किल्ली माझ्या हाती देऊन तुम्ही गेजसमोर उभे राहिलात. ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटतात. ते ज्ञान दुसऱ्याच्या हातात उतरेपर्यंत धीर धरणारा माणूस मला तुमच्या रूपाने भेटला, याबद्दल मी तुमचा आजन्म ऋणी आहे.

आता तुमच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर. लांबच्या चढावरही तेलाचे तापमान स्थिर राहते आणि चढ संपला की लगेच उतरते. मागचा जुना ॲक्सल या वाढलेल्या ताकदीला किती काळ साथ देईल, याविषयी तुम्ही व्यक्त केलेली शंका मी विसरलेलो नाही. पुढच्या सर्व्हिसच्या वेळी तो उघडणार आहे, तेव्हा कृपया स्टूलावर येऊन बसावे. तुमचा सांगाडा साफ करून, तेल लावून ठेवला आहे. तुमच्याकडे विचारणा करणाऱ्या त्या तरुणाला तो हवा असेल, तर मी स्वतः त्याच्याकडे पोचवीन आणि पहिल्यांदा गाडीत उतरवताना मदतीलाही थांबेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला ऋणी,
रेनेसिसवाला