खाण आधी संपली, कर नंतर आला : फिनलंडच्या वित्तमंत्र्यांना खुले पत्र

मा. वित्तमंत्री,
फिनलंड सरकार, हेलसिंकी

स. न. वि. वि.

1 जानेवारी 2024 पासून फिनलंडमध्ये खाणकर लागू झाला. लागू होताना त्यातले 60 टक्के ज्या गावात खाण आहे त्या गावाला, बाकीचे सरकारी तिजोरीत, अशी वाटणी ठरली. ती न्याय्यच होती. पण प्युहायार्वी गावाच्या पदरात त्यातलं काय पडणार? तिथल्या प्युहासाल्मी खाणीतलं भूमिगत खोदकाम ऑगस्ट 2022 मध्येच थांबलं होतं.

1958 साली तिथल्या एका शेतकऱ्याने विहीर खणायला घेतली आणि पाण्याऐवजी खनिज लागलं. 1962 पासून साठ वर्षं तिथून तांबं, जस्त आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) निघत राहिलं. मालकी ओउतोकुंपू या फिनिश कंपनीकडून कॅनडातल्या कंपनीकडे गेली. खाण 1,444 मीटर खोल झाली. तळाशी सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोलीसुद्धा बांधली गेली. (पाताळात गेला तरी फिनिश माणूस सौना सोडायचा नाही!) आज तळ्याकाठी जेमतेम पाच हजारांची वस्ती आहे आणि तिच्या वाट्याला आलंय ते एवढं मोठं विवर.

या विवराला मागणी नाही असं नाही. 75 मेगावॉटच्या पाणी-साठवण वीजप्रकल्पाची योजना मांडली गेली. 2024 मध्ये एका स्कॉटिश कंपनीने 530 मीटरच्या कूपकात (खाणीत उतरायच्या उभ्या बोगद्यात) वजनं वर-खाली करून वीज साठवायचा प्रस्ताव आणला. वैश्विक किरणांचे अभ्यासक तर खाण चालू असतानाच तिथे काम करू लागले होते. पण जमिनीखाली काहीही करायचं तर आधी खाण कोरडी हवी, म्हणजे पंप चालू हवेत. धातू संपल्यावर कंपनी ते बिल किती काळ भरणार? आणि एवढ्याशा नगरपालिकेला ते झेपणार तरी कसं?

पूर्वलक्षी कर लावता येत नाही, हे आपलं खातं सांगेलच. तो मी मागतही नाही. या करातल्या सरकारच्या वाट्यातला काही भाग 2024 पूर्वी खाणी बंद झालेल्या गावांसाठी बाजूला काढा, एवढीच मागणी आहे. त्यात ओउतोकुंपू नावाचं गावही यावं. तिथली केरेत्ती खाण 1989 मध्येच बंद झाली. आणि प्युहासाल्मीच्या पुढच्या वापराचा निर्णय होईपर्यंत पंप आणि कूपकाच्या देखभालीचा खर्च याच पैशातून व्हावा. एकदा पाणी वर चढलं की निर्णय घ्यायला काही उरणार नाही.

मी इथे कर भरतो, पण संसदेच्या निवडणुकीत मला मत नाही. म्हणून हा पत्राचा मार्ग. अंदाजपत्रक सप्टेंबरमध्ये संसदेत जातं. त्याआधी या तरतुदीबाबत आपलं उत्तर प्युहायार्वीच्या नगरपालिकेला लेखी कळवावं, ही विनंती.

आपला,
ऊलूमधला एक मराठी करदाता