कोड म्हणजे कुष्ठ नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील ‘श्वेतकुष्ठावर घरगुती उपाय’ हे शीर्षक वाचून खेद झाला. लेखिकेने आत सर्वत्र ‘कोड’ हा सर्वांना कळणारा शब्द वापरलेला असताना शीर्षक देणाऱ्यालाच कुष्ठाची हौस का वाटावी?

आयुर्वेदाचा दाखला आपण द्याल. चरकसंहितेत ‘कुष्ठ’ या नावाखाली अठरा प्रकारचे त्वचाविकार येतात खरे, परंतु पांढऱ्या डागांना तेथेही ‘श्वित्र’ हे निराळे नाव आहे. आजच्या मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग. तो जंतूंमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो (औषधाने तो पूर्ण बरा होतो, हे कोणी ऐकूनच घेत नाही). कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या नाहीशा होतात आणि ते कोणालाही लागत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातांवर कोड आहे. येथील एका वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात तिने ते स्वतःच्या अक्षरात स्वच्छ लिहिले होते. मंडळातील गृहस्थांना तो शब्द बहुधा गावंढळ वाटला, म्हणून वहीत उतरवताना त्यांनी त्याचे ‘श्वेतकुष्ठ’ केले. परिणामी डोंबिवलीचे एक स्थळ पत्रिका जुळूनही मागे फिरले आणि त्या घरच्या काकूंनी आईला फोनवर अगदी मायेने विचारले, “मुलीला आनंदवनात दाखवलंत का?” मंडळाकडे तक्रार केली, तेव्हा ‘शब्दकोश बघा’ असे उत्तर मिळाले. आता त्यांना आपल्या पुरवणीचे कात्रणही पुढे करता येईल, त्याबद्दल आभार.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी पांढरे डाग मुळापासून घालवण्याची हमी देणारी जाहिरात आहे. ज्या विकारांवरील उपचारांची जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध ठरवली आहे, त्यांच्या यादीत ल्युकोडर्मा, म्हणजे हेच डाग, आहेत. निदान जाहिरातदाराने शब्द तरी योग्य वापरला, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

शीर्षकाची दुरुस्ती पुरवणीतच आणि तेवढ्याच ठळक टाइपात छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)